मनाची गोळी आणि पहिले तीन आठवडे

आज एका गोळीविषयी बोलायचं आहे. तिचं नाव जिभेला जरा जड आहे, एस्सिटालोप्राम. मेडिकलमध्ये ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी मिळते, पण पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली की आत हेच नाव सापडतं. उदासीचा आजार म्हणजे नैराश्य, आणि सततची काळजी, धास्ती, छातीत धडधड म्हणजे चिंतेचा आजार. या दोन्हींवर डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांतली ही नेहमीची एक.

हीच गोळी का निवडली, ते सांगते. गटांच्या बैठकांसाठी मी गावोगाव फिरते. बैठकीत हप्ते, कर्ज, वहीतली बेरीज यांवरच बोलणं होतं. मनाचं बोलणं होतं ते बैठक संपल्यावर, दाराशी चपला घालताना. "ताई, ही झोपेची गोळी आहे का हो?" "एकदा लागली की सुटत नाही म्हणतात, खरं का?" आणि असं विचारणाऱ्या बहुतेक जणींनी तोवर गोळी बंद केलेली असते. आठव्या, दहाव्या दिवशीच. मळमळ झाली, डोकं जड झालं, मन तर होतं तिथंच राहिलं, मग पैसे घालून कशाला खायची? ऐकायला हिशोब बरोबर वाटतो. पण या गोळीची रीत अशी आहे की त्रास आधी होतो आणि गुण मागून येतो. असं का होतं, हे एकदा नीट कळलं तर मधले दिवस काढणं सोपं जातं. म्हणून आजचा सगळा वेळ या गोळीला.

मी डॉक्टर नाही, बीए झालेली बाई आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर येतात, त्यांना विचारून आणि वाचून जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते. गोळी कुणाला द्यायची, किती द्यायची, ते डॉक्टरच ठरवणार.

आधी आजाराविषयी दोन शब्द. वाईट वाटणं हा आजार नव्हे. सोयाबीन पाण्यात गेलं, लेक सासरी गेली, तर वाईट वाटणारच. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, दिवसातला बराचसा वेळ मन कशातच लागत नाही, भूक नाही, पहाटे तीनला जाग येते ती परत डोळा लागत नाही, अंगात त्राण नाही, आपण कुणाच्या कामाच्या नाही असं वाटत राहतं, तेव्हा तपासून घ्यायला हवं. आपल्याकडच्या बाया 'मी उदास आहे' असं क्वचितच म्हणतात. त्या म्हणतात, अंग ठणकतंय, डोकं भणभणतंय, जीव घाबरा होतो, हातपाय गळाल्यासारखे वाटतात. मग वर्षभर सलाईन आणि ताकदीची इंजेक्शनं चालतात. कुणी अंगारा आणतं, कुणी बाहेरचं झालंय म्हणतं.

आणखी एक. रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं असलं, बी-१२ कमी असलं तरी अगदी असाच थकवा आणि अशीच उदासी येते. आपल्यात रक्त कमी असणाऱ्या बाया किती, ते आशाताईंना विचारा. म्हणून मनाची गोळी सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघितलं का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारावं. विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

आता गोळीकडे येऊ. पण त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या ओळखीच्या झाडापासून सुरू होते. सर्पगंधा. या मुळीचा आपल्या देशात फार पूर्वीपासून औषधासाठी उपयोग होतो. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ साली तो अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापला. जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष त्याकडे गेलं. पुढे त्या मुळीतलं मुख्य औषध वेगळं काढलं, त्याचं नाव रेसर्पिन. रक्तदाब उतरत होता, पण औषध घेणाऱ्यांपैकी काही जण खिन्न होऊन बसू लागले. सगळे नाही, काहीच. शोध घेतल्यावर कळलं की हे औषध मेंदूतल्या पेशींमधला सेरोटोनिन आणि त्याच्या जोडीच्या काही रसायनांचा साठा रिकामा करतं.

त्याच सुमारास अमेरिकेत उलटी गोष्ट घडली. न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू या टीबीच्या रुग्णालयात १९५२ साली आयप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देऊन पाहत होते. अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसले, जेवायला मागू लागले, हसूखेळू लागले. फुप्फुसं अजून बरी व्हायची होती, मन मात्र आधीच खुललं होतं. ते औषध सेरोटोनिनसारख्या रसायनांची मोडतोड थांबवत होतं. एका औषधाने साठा रिता होऊन माणसं खचली, दुसऱ्याने साठा वाढून उभारी आली. या दोन गोष्टींवरून शास्त्रज्ञांनी पुढचा माग काढला. त्या वाटेवर पुढे ज्या गोळ्या निघाल्या, त्यांतलीच ही आपली गोळी. डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीने ती काढली, आणि अमेरिकेत तिला २००२ साली परवानगी मिळाली.

तिच्या आधी त्याच कंपनीची सिटालोप्राम होती. तिच्यात एकाच औषधाची दोन रूपं मिसळलेली होती, डाव्या आणि उजव्या चपलेसारखी, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. काम करणारं रूप त्यातलं एकच. तेवढंच वेगळं काढलं, ती एस्सिटालोप्राम. म्हणून जुनी वीस मिलिग्रॅमची गोळी आणि नवी दहाची साधारण एकसारखं काम करतात.

आता ती करते काय? आपल्या मेंदूत असंख्य पेशी आहेत आणि त्या एकमेकींना निरोप देतात. दोन पेशी चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, दुसरीला ते लागलं की निरोप पोचला. निरोप पोचल्यावर पहिली पेशी ते सेरोटोनिन परत आत ओढून घेते, पुन्हा वापरायला. ओढून घेण्यासाठी तिच्या अंगावर छोटे छोटे पंप असतात. शेतात दंडातून पाणी सोडलं आणि लगेच दुसऱ्या टोकाला मोटर लावून ते उपसून घेतलं, तर वाफा भिजेल का? एस्सिटालोप्राम या उपसणाऱ्या पंपाच्या तोंडाशी जाऊन बसते. सगळे पंप बंद होत नाहीत. रोज दहा मिलिग्रॅम घेतली तर दहातले साधारण आठ अडतात. त्यामुळे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ टिकतं.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. दहातले आठ पंप आधीच अडलेले असतील, तर आपल्या मनाने दोन गोळ्या घेऊन गुण दुप्पट होणार नाही. त्रास मात्र वाढेल.

तुम्ही म्हणाल, मग गोळी घेतली त्याच दिवशी मन का उजळत नाही? प्रश्न अगदी बरोबर आहे. गोळी पोटात गेल्यावर पाचेक तासांत रक्तात पुरती भरते आणि पंप अडवायला लागते. म्हणजे तिचं काम पहिल्याच दिवशी सुरू झालेलं असतं. तरी मनाला फरक पडायला दोन ते चार आठवडे जातात.

घरावरची पाण्याची टाकी आठवा. टाकीत एक फ्लोट असतो, बॉल म्हणतो आपण त्याला. पाणी वर चढलं की बॉल वर येतो आणि येणाऱ्या पाण्याचा नळ बंद करतो. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीच्या अंगावरही असेच बॉल आहेत. गोळीमुळे बाहेर सेरोटोनिन वाढलं की बॉल वर येतात आणि पेशीला सांगतात, पुष्कळ झालं, आता सोडू नको. म्हणजे पहिले काही दिवस एका हाताने गोळी वाढवते आणि दुसऱ्या हाताने पेशी स्वतःच कमी करते. दोनतीन आठवडे हे असंच चालू राहिलं की बॉल ढिले पडतात, तेवढ्या पाण्याने नळ बंद करेनासे होतात. मग पेशी मोकळेपणी सेरोटोनिन सोडू लागते. शिवाय पेशींमधले सुकलेले जोड पुन्हा धरायला, नवे फुटायला वेळ लागतो. भय आणि धास्ती जिथे उठते त्या मेंदूच्या भागाची उसळीही हळूहळूच खाली बसते. म्हणून उदासी आणि धास्ती या दोन्हींवर ही एकच गोळी चालते.

सेरोटोनिन कमी पडलं म्हणून उदासी आली, असं सरसकट सांगितलं जातं. ते तितकं सोपं नाही. तसं असतं तर पहिल्या दिवशीच गुण आला असता. मन हे नुसतं रसायन नव्हे. पण सेरोटोनिनला हात घातला की अनेकांची सुटण्याची वाट मोकळी होते, एवढं नक्की अनुभवाला आलेलं आहे.

आता पहिल्या आठवड्यातल्या त्रासाविषयी. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन, साधारण ९० टक्के, मेंदूत नसतंच. ते आतड्यात असतं. गोळीला कुठे माहीत की मला फक्त मेंदूत जायचंय? ती आतड्यातही तेच करते. म्हणून मळमळ, कधी पातळ शौचाला होणं, तोंड कोरडं पडणं. डोकं दुखतं, घाम येतो. कुणाला झोप येते, कुणाची उडते. झोप येत असेल तर रात्री आणि झोप उडत असेल तर सकाळी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून बदलता येतं. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्यावी. हे त्रास बहुतेक जणींचे आठ-पंधरा दिवसांत ओसरतात.

काही जणींची धडधड आणि अस्वस्थता पहिल्या काही दिवसांत कमी व्हायच्या ऐवजी जराशी वाढते. ज्यांना मुळात चिंतेचा आजार आहे त्यांना हे जास्त जाणवतं, आणि इथेच बरेचदा गोळी खिडकीतून बाहेर जाते. म्हणूनच डॉक्टर पुष्कळदा पाच मिलिग्रॅमने सुरुवात करून मग दहावर नेतात. 'अर्धी गोळी लिहिली, म्हणजे डॉक्टरला काही कळत नाही' असं एका बाईंच्या घरी सासूबाई म्हणाल्या होत्या. अर्धी गोळी मुद्दाम लिहिलेली असते.

एक त्रास मात्र लवकर जात नाही आणि त्याविषयी कुणी बोलत नाही. नवरा-बायकोच्या संबंधाची इच्छा कमी होणं, किंवा त्यात सुख न वाटणं. पुरुषांनाही होतं. घरात त्यावरून गैरसमज होतात, संशयही येतो. हा गोळीचा परिणाम आहे, त्यात बाईचा दोष नाही. डॉक्टर प्रमाण कमी करू शकतात, गोळी बदलू शकतात. पुरुष डॉक्टरांशी बोलायला लाज वाटली तर सिस्टरना सांगा किंवा कागदावर लिहून द्या, पण सांगा.

या गोळीचं गणित रक्तात कसं चालतं, तेही थोडं बघू. एकदा घेतलेल्या गोळीतली निम्मी बाहेर पडायला साधारण तीस तास लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी नवी गोळी घेताना आदल्या दिवशीची निम्म्याहून जास्त शिल्लक असते. गटाच्या खात्यासारखं समजा. रोज ठराविक भरणा, रोज ठराविक खर्च, आठवडाभरात शिल्लक एका पातळीवर येऊन थांबते. म्हणून दिवसातून एकच गोळी पुरते. आणि म्हणूनच 'आज बरं वाटत नाही, आज घेते' असं हिला चालत नाही. डोकेदुखीच्या गोळीसारखी ही नाही. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी एकच घ्या, दोन नको.

वय झालेल्या बायांच्या अंगातून ही गोळी आणखी सावकाश बाहेर पडते. म्हणून साठी-पासष्टीच्या पुढे डॉक्टर बहुधा पाचने सुरू करतात आणि दहाच्या वर सहसा नेत नाहीत. सुनेची वीसची चिठ्ठी दाखवून सासूसाठी तीच गोळी आणायची नाही, ती याचसाठी. वृद्ध बायांमध्ये आणखी एक धोका असतो. रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, कमी होऊ शकतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. म्हातारी अचानक गोंधळल्यासारखी बोलायला लागली, चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. रक्त तपासायला न्या.

आता दुसऱ्या औषधांबरोबरचं जमणं न जमणं. हा भाग जरा लक्ष देऊन ऐका, कारण आपल्या घरात गोळ्यांचा डबा असतो आणि त्यातली कुठलीही गोळी कुणीही घेतं.

अंगदुखीच्या गोळ्या आधी घेऊ. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन. रक्त गोठवणाऱ्या पेशीही सेरोटोनिन वापरतात आणि तेच पंप त्यांच्याही अंगावर असतात. पंप अडले की रक्त गोठायला वेळ लागू शकतो. त्यात या वेदनाशामक गोळ्यांची भर पडली तर पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पाळीत आधीच जास्त अंगावर जातं अशी बाई असेल तर तिने हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. साध्या तापाला, दुखण्याला पॅरासिटामॉल बरी. ट्रामाडॉल नावाची जोरकस वेदनाशामक गोळी मात्र या गोळीबरोबर आपण होऊन कधीच घेऊ नये. दोन्ही मिळून सेरोटोनिन फार वाढतं. अंग थरथरतं, ताप येतो, घामाघूम व्हायला होतं, हातपाय ताठरतात, माणूस बेचैन होतो. असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मोठ्या टीबीमध्ये, म्हणजे साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत, लिनेझोलिड देतात. त्याच्याशीही हिचं पटत नाही. टीबीचे डॉक्टर वेगळे आणि मनाचे डॉक्टर वेगळे असतील, तर दोघांनाही दोन्ही चिठ्ठ्या दाखवायच्या.

पित्ताची ओमेप्राझोल आपल्याकडे चहासारखी घेतली जाते. एस्सिटालोप्राम यकृतात ज्या वाटेने मोडली जाते, तीच वाट ओमेप्राझोल अडवते. मग रक्तातलं प्रमाण वाढतं. चालतच नाही असं नाही, पण डॉक्टरांना माहीत असायला हवं. हृदयाचा आजार असेल, ठोके चुकत असतील, वारंवार चक्कर येऊन पडायला होत असेल तर तेही आधी सांगा. जास्त प्रमाणात ही गोळी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते, आणि उलटीच्या काही गोळ्या, काही अँटिबायोटिक्सही तेच करतात.

आता 'झोपेची गोळी' हा गैरसमज कुठून आला ते सांगते. तो सगळा गैरसमज नाही. बाजारात एक जोडगोळी मिळते, एकाच गोळीत एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपॅम. हे क्लोनाझेपॅम, किंवा अल्प्राझोलाम, ही खरी झोप आणणारी, लगेच शांत करणारी औषधं. अर्ध्या-एक तासात बरं वाटतं. आणि त्यांचीच सवय लागते. काही आठवडे रोज घेतली की शरीर मागायला लागतं, प्रमाण वाढवावं लागतं, एकदम सोडली तर हातपाय कापतात, झोप पार उडते, कुणाला फिटही येते. पहिले काही दिवस आधार म्हणून डॉक्टर देतात, त्यात वावगं नाही. पण वर्षानुवर्षं तीच जोडगोळी मेडिकलमधून परस्पर आणून खाणाऱ्या बाया मी पाहिल्यात. म्हणून पाकिटावर नाव एक आहे की दोन, ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या. दोन असतील तर डॉक्टरांना विचारा, यातली झोपेची किती दिवस घ्यायची? असं विचारलं म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

नुसत्या एस्सिटालोप्रामची तशी सवय लागत नाही. तिची तलफ येत नाही, दिवसेंदिवस जास्त घ्यावीशी वाटत नाही. पण एकदम बंद केली तर शरीर कुरकुर करतं. चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. बाईला वाटतं, बघा, सुटत नाही म्हणत होते ते खरं निघालं. खरं कारण असं की बॉल ढिले पडलेत, पेशींनी नवी सवय करून घेतलीय आणि आपण एका दिवसात आधार काढून घेतला. डॉक्टर काही आठवडे घेऊन दहाची पाच, पाचची त्याहून कमी, असं उतरवतात.

थांबवायची केव्हा? बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने ती चालू ठेवतात, पुष्कळदा नऊ. आजार दुसऱ्यांदा उलटला असेल तर त्याहून जास्त. बरं वाटलं म्हणून महिन्याभरात बंद केली तर आजार परत येण्याची शक्यता बरीच असते. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर घाबरून एका रात्रीत बंद करू नका. आईचा आजार बळावला तर बाळाचंही नुकसान होतं. डॉक्टर विचार करून हीच ठेवतील किंवा दुसरी देतील.

आता जे बोलायला जड जातं ते बोलते. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये, जीव देण्याचे विचार वाढू शकतात. हे औषधाच्या माहितीपत्रकातच ठळकपणे दिलेलं असतं. डॉक्टर असंही सांगतात की अंगातली ताकद आधी परत येते आणि मनातला अंधार मागून जातो. या मधल्या दिवसांत माणसाला एकटं ठेवायचं नाही. कॉलेजातल्या मुलीला गोळी सुरू झाली तर पहिला महिना आईने किंवा बहिणीने जवळ असावं. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का गं?" असं सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. आणि घरातली फवारणीची औषधं, तणनाशकाचे डबे, उंदराचं औषध, हे सगळं कुलपात. किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्यांचं पाकीटही एकदम महिन्याचं तिच्या हातात देऊ नये. आपल्या भागात हे किती गरजेचं आहे, ते मी वेगळं सांगायला नको.

याउलट कुणी एकदम अति उत्साहात आलं, दोन तास झोपूनही ताजंतवानं, बडबड थांबत नाही, पैसे उधळायला लागलं, तर तेही लगेच डॉक्टरांना सांगायचं. काही जणांचा आजार दोन टोकांचा असतो आणि त्यांना एकटी ही गोळी उलटी पडते. पूर्वी कधी असे दिवस येऊन गेले असतील तर पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं.

चार आठवडे नेमाने घेऊन काडीचाही फरक नाही, असं झालं तर? तर परत जायचं. गोळी वाढवतील, बदलतील, समुपदेशन जोडतील. पहिली गोळी सगळ्यांनाच लागू पडत नाही. फरक पडायला लागतो तो बहुधा आधी झोपेत, भुकेत आणि चिडचिडीत दिसतो. बाईला स्वतःला कळायच्या आधी शेजारणीला कळतो. आमच्या एका गटातली ताई म्हणत होती, तिला काही वाटलं नव्हतं, पण जावेने सांगितलं, आज तू भाकरी थापताना गुणगुणत होतीस.

ही गोळी काय करत नाही, तेही सांगायला हवं. ती सावकाराचं देणं फेडत नाही, नवऱ्याची दारू सोडवत नाही. घरात मारहाण होत असेल तर त्याचा इलाज गोळीत नाही. आजार हलका असेल तर गोळीचा फायदाही तसा थोडाच दिसतो. तिथे बोलून मन मोकळं करणं, समुपदेशन, चालणं, झोपेची शिस्त यांनीच पुष्कळदा भागतं. आजार जितका जास्त, तितका गोळीचा उपयोग जास्त. माझ्या मते कुणी गटात बोलती झाली म्हणून तिची गोळी बंद करायला लावणं जितकं चूक, तितकंच मारहाणीने खचलेल्या बाईला नुसती गोळी देऊन घरी पाठवणं चूक.

कुठे जायचं? मनाचा डॉक्टर म्हटलं की आपल्याला येरवडा आणि ठाण्याची मोठी इस्पितळं आठवतात आणि पाय मागे येतात. तिथे जायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते, सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, जनऔषधी केंद्रात त्या स्वस्त पडतात. फोनवर बोलायचं असेल तर सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

गटातल्या सख्यांना एक विनंती. कुणाची गोळी सुरू आहे हे बैठकीत सगळ्यांपुढे विचारू नका. जी ताई नेमाने हप्ता भरायची आणि अचानक दोन बैठकांना आलीच नाही, तिच्या घरी जाऊन या. कर्जाचं न बोलता चहा पिऊन या.

शेवटी एक प्रश्न घेते, तो बऱ्याच जणींनी विचारलाय. उपवासाला गोळी चालते का? चालते. ही गोळी जेवणाआधी, जेवणानंतर, रिकाम्या पोटी, कशीही घेतली तरी सारखीच अंगी लागते. चतुर्थी असो, नवरात्राचे नऊ दिवस असोत, पाण्याबरोबर घ्या. मळमळत असेल तर फराळानंतर घ्या. निर्जळी उपवास असेल तर उपवास सोडल्यावर घ्या. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्या आपल्या भगिनींनी सहरीला किंवा इफ्तारनंतर, जी वेळ ठरवाल ती महिनाभर तीच ठेवावी. पहिल्या दिवशी वेळ पुढेमागे झाली तरी बिघडत नाही, कारण कालची निम्म्याहून जास्त गोळी अजून रक्तात असते.